खाणीतलं पाणी, नोंद ९: एका काळ्या पडद्यावर गेलेला जुलै

गेल्या नोंदीत मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की जुलैअखेर माझ्या भीतीच्या व्हिडिओ गेममधली तिसरी रात्र खेळण्याजोगी होईल. झालेली नाही. अख्खा जुलै गेला तो खेळ सुरू होण्याआधी दिसणाऱ्या सूचनेच्या एका काळ्या पडद्यावर, आणि त्यावर साठ शब्दसुद्धा नाहीत.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. डिचोली तालुक्यातलं एक घर, २०१८ चा पावसाळा. त्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातली खाणींची ८८ लीज रद्द केली आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. ट्रक दारात उभे, हप्ते मात्र चालू. पणजीतली नोकरी सोडून उमा घरी येते. बाबा बोलत नाहीत. आणि रोज रात्री खाणीच्या खड्ड्यातलं पाणी घराच्या खालच्या खोलीत एकेक पायरी वर चढतं. यात भूत नाही, देवचार नाही. गावाची राखण करतो असं मानतात त्या राखणदाराच्या नावाने ठेवलेली एक विडी आहे, ती रोज सकाळी अर्धी संपलेली असते. ती कोण ओढतं ते इथे सांगणार नाही.

तर सूचना. मे महिन्यात मी पाच मिनिटांत लिहून टाकली होती: ‘या खेळात विचलित करणारी दृश्ये आहेत. खेळाडूंनी स्वतःच्या जबाबदारीवर खेळावे.’ अक्षरांवरून पाणी ठिबकायचं आणि शेवटी ‘जबाबदारी’ हा शब्द वाहून जायचा. मला ते फार आवडलं होतं.

जूनच्या शेवटी तीन जणांना दोन रात्री खेळायला दिल्या. आतेभावाने हसत हसत संपवल्या, त्याला फक्त बेडूक आवडले. धाकट्या भावाचं काही खरं नाही, खेळातले आवाज त्याचेच, तो स्वतःचंच ऐकत बसला. तिसरी माझी फोंड्याची मैत्रीण. दुसऱ्या रात्री बाबा बंद दारावर मुठी आपटतात आणि आई आतून कडी धरून बसते, तिथे तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि ‘चहा टाकतेस?’ म्हणाली. पुढे खेळली नाही. मीही विचारलं नाही. आठवड्याने तिचाच फोन आला. तिच्या लहानपणी घरात तसंच दार होतं. शाळेपासूनची मैत्रीण, आणि मला हे माहीत नव्हतं.

मी ओशाळून म्हटलं, ‘अगं पण सुरुवातीला सूचना होती.’

‘होती ना. विचलित करणारं आहे म्हणून. भीतीच्या खेळात विचलित करणारं नसणार तर काय असणार? मला वाटलं पाण्यातून हात येईल.’

त्या एका वाक्याने माझा महिना खाल्ला.

माझी सूचना खोटी नव्हती, पण तिच्यातून काहीच कळत नव्हतं. सिनेमात कुणी सिगारेट पेटवली की कोपऱ्यात ओळ उमटते, २०१२ पासून आपण ती बघतोय. शेवटची नीट कधी वाचलीत? दुसरी गोष्ट त्या ठिबकणाऱ्या अक्षरांची. आतेभावाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘मला तो गेमचाच भाग वाटला.’ बरोबरच आहे त्याचं. जुन्या भुताच्या सिनेमांच्या जाहिरातीत ‘कमकुवत हृदयाच्या लोकांनी पाहू नये’ असायचं, तो इशारा नव्हता, आमंत्रण होतं. शिवाय आपल्या प्रकारातले खेळ खेळाडूला फसवतातच. माझ्याही खेळात पहिल्या रात्री सेव्ह फाइल, म्हणजे तोवर खेळलेलं साठवणारी फाइल, पुसली गेल्याचं खोटं नाटक आहे. अशा खेळात जर सूचनाही नटून थटून आली, तर खेळाडूने खरं कशाला मानायचं? म्हणून पहिला निर्णय: या पडद्यावर पाणी नाही, आवाज नाही, थरथर नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं, बस. तिसऱ्या घंटेआधी व्यवस्थापक पडद्यापुढे येऊन ‘मोबाइल बंद ठेवा’ सांगतो तेव्हा तो नाटकातलं पात्र नसतो, तसं.

बाकीच्यांनी काय केलंय ते पुन्हा बघितलं. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ (२०१७) गुलाबी शाळकरी प्रेमकथेसारखा दिसतो, पण अगदी सुरुवातीला साध्या शब्दांत सांगतो की हा मुलांसाठी किंवा सहज अस्वस्थ होणाऱ्यांसाठी नाही. २०२१ च्या ‘प्लस’ आवृत्तीत तर जड प्रसंगांच्या आधी सूचना दाखवायची सोय आहे, हवी तर चालू करा. ‘सायलेंट हिल एफ’ (२०२५) सरळ नावं घेतो: लिंगभेद, मुलांचा छळ, दादागिरी, औषधांमुळे होणारे भास, यातना. आणि अस्वस्थ वाटलं तर थांबा किंवा विश्वासातल्या माणसाशी बोला, असंही सांगतो. एवढी नावं घेऊनही त्या खेळातली भीती कुठे कमी होत नाही, हे मी माझ्या घामेजलेल्या हातांवरून सांगू शकते.

नावं घ्यायची हे ठरलं. कुठल्या शब्दांत, इथे खरी गोची.

आमच्या घरात बोलणं कोंकणी-मराठीच्या सरमिसळीत, वाचणं मराठीत. त्यामुळे मराठीत सूचना लिहायला बसलं की हातातून आपोआप पेपरची भाषा उतरते. पहिल्या मसुद्यात होतं ‘कौटुंबिक हिंसाचार’. शब्द बिनचूक आहे, २००५ च्या कायद्याच्या नावात आहे. पण तो वाचताना डोळ्यांपुढे पोलीस ठाणं येतं, दार येत नाही. काकीला विचारलं, शेजारच्या घरात असं चालायचं तेव्हा तुम्ही काय म्हणायचात? ‘तो हात उचलता म्हणत.’ आता ‘हात उचलणे’ सगळ्यांना कळतं, पण त्यात गोष्ट अर्धी गिळलेली आहे, जणू हात वर गेला आणि तिथेच थांबला. शेवटी ‘घरातली मारहाण’ ठेवलं. मैत्रिणीला पाठवलं. तिने फक्त अंगठा पाठवला.

मग ‘आत्महत्या’. भावाचं म्हणणं ‘जीवन संपवणे’ लिही, हल्ली बातम्यांत तसंच असतं, ऐकायला मऊ वाटतं. मला त्या मऊपणाचीच भीती वाटते. ‘जीवन संपवलं’ म्हटलं की एखादा शांत, विचारपूर्वक निर्णय वाटतो. तो शब्द नटवायचा नाही आणि ‘कसं’ ते कुठेच लिहायचं नाही, हे दोन नियम मी पाळलेत. जागतिक आरोग्य संघटनेची माध्यमांसाठीची मार्गदर्शक तत्त्वंही तपशील टाळायलाच सांगतात. ओळखीच्या एका समुपदेशक बाईंनी संहिता वाचली, त्यांनीही साधा शब्द राहू दे म्हटलं. याच शोधात जाता जाता एक चूक सापडली. दुसऱ्या रात्री हवालदार बाबांना दरडावतो, ‘असलं करायला गेलास तर गुन्हा लागतो, ठाऊक आहे?’ पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरायचं आणि शिक्षा करायची नाही. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम तेव्हा पुस्तकात होतं, ते २०२४ मध्ये भारतीय न्याय संहिता आली तेव्हा गेलं. माझा हवालदार जुलै २०१८ मधला. त्याला नवा कायदा माहीत नसणं शक्य आहे, म्हणून वाक्य ठेवलं, पण त्याच्यामागची बाई हवालदार आता मान हलवते. कुणाच्या लक्षात येणार नाही. मला माहीत आहे, पुरे.

‘मतिभ्रम’ काढून ‘भास’ केलं, हे एक मिनिटात झालं. ‘वेड’ हा शब्द सूचनेतून आणि संहितेतूनही गेला. ‘हेलब्लेड’ (२०१७) हा डोक्यात आवाज ऐकू येणाऱ्या नायिकेचा खेळ करताना त्या लोकांनी केंब्रिजचे मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर आणि स्वतः तसे आवाज ऐकलेली माणसं सोबत घेतली होती. माझ्याकडे तेवढं बळ नाही, निदान शब्द तरी सांभाळू. ‘नैराश्य’ की ‘डिप्रेशन’ यावर घरात मत पडलं, डिप्रेशन ४, नैराश्य १. ते एक माझं.

आता तुमच्यातले अर्धे विचारणार: आत्महत्येचं आधीच सांगितलंस तर तिसऱ्या रात्रीचं काय उरलं? हाच प्रश्न मला चार रात्री छळत होता. उत्तर काही थोर नाही. सूचनेत विषय असतो. कोण, कधी, खरंच की उमाच्या डोक्यात, हे नसतं. मी पाच विषय एकत्र दिलेत, क्रम खेळातल्या क्रमाचा नाही. ज्याला जास्त हवंय त्याने खालचं ‘प्रसंगांनुसार पाहा’ दाबायचं, तिथे रात्रवार यादी आहे, रहस्यं फुटतील, चालेल का असं आधी विचारून. एकाच वाक्यात सगळ्यांचं समाधान करायचा हट्ट सोडला आणि काम सोपं झालं.

वयाच्या शिक्क्याने हे भागत नाही. सिनेमाला २०२४ पासून यूए ७, १३, १६ असे टप्पे आहेत, प्ले स्टोअरवर खेळांनाही वयाचे आकडे दिसतात. पण माझी मैत्रीण एकेचाळीस वर्षांची आहे.

उलट बाजूही मांडते. २०२३ मध्ये अशा सूचनांवरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष आपल्या उत्साहावर पाणी ओतणारा: सूचनेमुळे नंतरचा त्रास कमी होत नाही, आधीची धाकधूक जरा वाढते आणि लोक फारसे टाळतही नाहीत. वाचून मी एक दिवस फाइल उघडली नाही. मग नवा पडदा मैत्रिणीला पाठवला. तिने दुसरी रात्र पुन्हा खेळली, पण रविवारी दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, नवरा बाजूला भाजी निवडत असताना. रडली म्हणे. पण वेळ तिने निवडली होती. त्या आढाव्यात हे मोजलेलं नाही, आणि एका मैत्रिणीवरून मीही काही सिद्ध करू शकत नाही.

थोडं तांत्रिक, ज्यांना गोडो या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी वापरायची आहे त्यांच्यासाठी. गोडो ३ मध्ये जोडाक्षरं फुटायची, म्हणूनच २०२३ मध्ये मी ४ वर आले, तिथे देवनागरी नीट जुळते. पण एकेक अक्षर उमटवणारा टाइपरायटर इफेक्ट मूळ सेटिंगवर ठेवलात तर मजकूर आधी कापला जातो आणि मग जुळवला जातो. ‘आत्महत्या’ उमटताना मध्येच ‘आत्’ असा पाय मोडलेला त दिसतो, ‘किंवा’चा क आधी येतो आणि वेलांटी मागून उडी मारून त्याच्या डावीकडे बसते. लेबलमधल्या दृश्य अक्षरांच्या पर्यायात ‘जुळवणी झाल्यावर’वालं निवडा. सूचनेवरून मात्र मी तो इफेक्टच काढला. वाचायचं ते एकदम दिसू दे.

वीज. पावसाळी खेळ, म्हणजे वीज कडाडणारच. माझी वीज एका सेकंदात पाच वेळा लखलखत होती. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत, हा वेबसाठीच्या सुलभता नियमांतला दंडक आहे. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनचा एक भाग बघून सुमारे ६८५ जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं होतं, लाल-निळ्या झगमगाटामुळे. आता दोन लखलखाट, आणि ‘वीज बंद’ असा पर्याय. (आमच्या वीज खात्याला हा पर्याय सुचवायची गरज नाही. ही नोंदसुद्धा इन्व्हर्टरवर लिहितेय.)

आणि एस्केप. दाराच्या प्रसंगात मी खेळ थांबवायचं ते बटण बंद ठेवलं होतं, उमाला पळता येत नाही तर खेळाडूलाही नको, अशी माझी कलात्मक अक्कल. मैत्रिणीने हेडफोन का काढले ते आता कळतं, दुसरं काही काढता येतच नव्हतं. एस्केप परत दिलं. थांब्याच्या पडद्यावर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, केंद्र सरकारची २०२२ पासूनची मोफत सेवा, चोवीस तास. समुपदेशक बाईंचा आग्रह होता की नंबर सुरुवातीला देऊन भागत नाही, माणूस जिथे थांबतो तिथे हवा.

स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानातल्या पानावर प्रौढ आशयाचं वर्णन आपल्याच शब्दांत लिहायची चौकट असते. तिथेही हाच मजकूर जाईल. सध्याचा असा आहे:

‘या खेळात घरातली मारहाण, कर्ज, डिप्रेशन, भास आणि आत्महत्या हे विषय आहेत. रक्त जवळजवळ नाही. कुठलाही प्रसंग ओलांडता येतो, तेव्हा काय घडलं ते चार ओळींत सांगितलं जाईल. केव्हाही थांबता येतं.’

‘जवळजवळ’वर भावाची हरकत आहे. कोंबडीचा एक प्रसंग आहे, त्यामुळे शब्द राहणार.

राहिलंय ते त्या चार ओळींचं. पहिल्या दोन रात्रींच्या लिहून झाल्या. तिसरीच्या अकरा वेळा लिहिल्यात. प्रसंग न बघता पुढे जाणाऱ्याला गोष्ट तर कळली पाहिजे, पण त्या चार ओळीच प्रसंगापेक्षा भयंकर होऊन चालणार नाहीत. आत्ताच्या मसुद्यात तिसरी ओळ आहे, ‘सकाळी पाणी उतरलेलं असतं आणि विडी पूर्ण असते.’ काकीला वाचून दाखवली. तिने हातातला विळा खाली ठेवला आणि म्हणाली, ही काढ.

विचार करतेय. चतुर्थीआधी तिसरी रात्र देईन असं या वेळी लिहीत नाही.