स्टेअरिंगचा प्ले आणि माझा आगाऊपणा

रविवार, रात्री साडेदहा. दोनदा साबण लावला तरी नखांतलं ग्रीस निघत नाहीये.

म्हातारीच्या, म्हणजे माझ्या जुन्या गाडीच्या, स्टेअरिंगचा प्ले (चाकं न वळता स्टेअरिंग नुसतंच हलतं तेवढं अंतर) गेला एकदाचा. म्हणजे पूर्ण नाही, पण अडीच इंचावरून पाऊण इंचावर आला, आणि जुन्या स्टेअरिंग बॉक्सच्या (स्टेअरिंगचं फिरणं चाकांच्या दांड्यांना देणारी गिअरची पेटी) गाडीत एवढा राहणारच, तिच्याकडून नव्या गाड्यांच्या रॅक-पिनियनसारखं (दातेरी पट्टीच्या घट्ट स्टेअरिंगसारखं) कसं वागणं होणार. गेले दोन महिने सरळ रस्त्यावरसुद्धा सारखं डावं-उजवं करत चालवायचो, बाजूने ट्रक गेला की हिने वेगळीच वाट धरलेली.

खरी माती मी दोन आठवड्यांपूर्वी खाल्ली. बॉक्सवर तो ॲडजस्टिंग स्क्रू समोरच दिसतो ना, लॉकनट ढिला करा, जरासा पिळा, झालं काम. पिळला. बरं वाटलं म्हणून अजून पिळला. बाहेर काढली तर वळणावर स्टेअरिंग जड, आणि वळण संपल्यावर आपसूक सरळ यायला हवं ते येईना, ओढून आणावं लागलं. आपण बहुतेक वेळ सरळच चालवतो त्यामुळे बॉक्स मध्यभागी जास्त झिजतो, तो मधला ढिलेपणा स्क्रूने काढायला गेलं की कडेला जाम होतो. नशीब आधी मार्करने खूण केली होती, गुपचूप परत खुणेवर आणला.

मग गेल्या रविवारी शहाण्यासारखं केलं. चाकं जमिनीवरच ठेवली (वजन असलं की ढिला सांधा लपत नाही), लेकीला सीटवर बसवून स्टेअरिंग थोडं थोडं हलवत राहायला सांगितलं आणि टॉर्च घेऊन खाली आडवा झालो. स्टेअरिंगखालच्या कॉलमचं कपलिंग (जोड) ठीक, बॉक्सचे चॅसीवरचे बोल्ट घट्ट, पिटमन आर्म (बॉक्समधून निघून चाकांचे दांडे हलवणारा) ठीक. पलीकडे आयडलर आर्म (दांड्यांना दुसऱ्या बाजूने पेलणारा) बघतो तर तो आडवा फिरायच्या ऐवजी वर-खाली नाचतोय! त्याच्या बुशचा (सांध्यातल्या अस्तराचा) पार भुगा. डाव्या टाय रॉड एंडवर (दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्यावर) बोट ठेवलं तर बोटाला टक टक लागायची, आधी टक आणि मग चाक हलणार.

"बाबा, सापडलं का? हात दुखले."

सापडलं गं, पण थांबू नकोस.

नंतर जॅक लावून, खाली स्टँड देऊन चाक वर-खाली धरून हलवलं तर तेही जरा हललं. पोटात गोळा आला, किंगपिन (ज्याच्यावर चाक डावं-उजवं वळतं ती पिन) गेली असेल तर मोठं काम. लेकीला ब्रेक दाबायला लावला तर हलणं बंद. ब्रेकने बेअरिंगचं हलणं थांबतं, किंगपिनचं नाही; म्हणजे नुसतं व्हील बेअरिंग, सुटलो.

पार्ट शुक्रवारी आले, आज बसवले. बुशला वेळ लागला नाही पण टाय रॉड एंडचा टेपर (भोकात घट्ट रुतलेला निमुळता भाग) सुटता सुटेना, शेवटी दोन हातोड्यांनी त्या भोकाच्या कडीच्या दोन्ही बाजूंना एकदम ठोकलं, पाचव्या ठोक्याला खाडकन निसटला. काढताना आटे मोजले होते, साडेअकरा, नवा तेवढाच फिरवला. स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून घालतात ती) भोक जुळेना तेव्हा नट मागे न घेता पुढेच आवळून जुळवला, मागे घेतला तर टेपर ढिला राहायचा. बेअरिंग ॲडजस्ट केलं, ग्रीस भरलं.

फेरी मारून आलो. ट्रक गेला तरी सरळ. फक्त सरळ चालताना स्टेअरिंग किंचित डावीकडे वळलेलं राहतंय, आटे मोजले तरी टो-इन (पुढची चाकं आतल्या बाजूला किती वळलेली ते) थोडं हललंच असणार, उद्या अलाइनमेंटला न्यायची.