दीड किलोची लॅम्पशेड, वीस किलोचं बिल

२०१८ च्या दिवाळीनंतर आम्ही बांबूकाम सुरू केलं. कुडाळ तालुक्यातलं आमचं गाव, घरामागे सासऱ्यांनी लावलेली माणग्याची बेटं. माणगा म्हणजे आमच्या भागातला भरीव बांबू. काटे नाहीत, आत पोकळी जवळजवळ नाही, खुर्चीच्या पायाला सागवानासारखा उभा राहतो. आदल्याच वर्षी कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला होता. तोडीच्या आणि वाहतुकीच्या परवान्यांची कटकट मिटली, तेव्हा कुठे आम्ही धाडस केलं.

सुरुवातीला आम्ही तिघं होतो. मी, माझा नवरा आणि सूप-रोवळ्या विणण्यात हयात गेलेल्या शेजारच्या काकी. आज अकरा माणसं आहेत, त्यांतल्या सात बायका. माल गावात, सावंतवाडीत आणि गोव्याच्या दोन दुकानांत जायचा. रिक्षा टेम्पोत टाकला, पोचवला, पैसे घेतले. पोचवण्याचा खर्च वेगळा मोजायचा असतो हे आमच्या डोक्यातही नव्हतं.

लॉकडाऊनमध्ये सगळं बदललं. व्हॉट्सॅपवर फोटो फिरले आणि पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून लोक विचारायला लागले. 'कुरिअरचे किती?' या प्रश्नाला मी १५० रुपये असं उत्तर ठरवून टाकलं. का १५०? कारण मला स्वतःला कोणी पार्सलचे दोनशे मागितले असते तर जड गेलं असतं. एवढाच हिशोब होता त्यामागे.

नागपूरची ती पहिली लॅम्पशेड मी कधीच विसरणार नाही. पिंपाच्या आकाराची, मधे फुगीर, बारीक बेळांची, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची. वजन दीड किलोसुद्धा नाही. किंमत १४५०, वर डिलिव्हरीचे १५०. महिनाअखेरीस कुरिअरचं बिल आलं आणि त्या एका खोक्यासमोर ८९० रुपये. मला वाटलं, टाइप करताना चूक झाली. फोन केला तर पलीकडच्या मुलाने शांतपणे गणित सांगितलं. खोका ४५ बाय ४५ बाय ५० सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार १,०१,२५०. त्याला ५००० ने भागायचं, आलं सव्वावीस. ते पुढच्या अर्ध्या किलोला धरायचं, म्हणजे साडेवीस किलो, किलोला ३२ रुपये, त्यावर इंधनाचा अधिभार, त्यावर १८ टक्के जीएसटी.

याला ते व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. खरं वजन आणि हे वजन, यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे. गाडीत जागा अडली की ती दुसऱ्याला देता येत नाही, त्यामुळे त्यांचंही चुकत नाही. काकींना समजावून सांगितलं तर त्या खोक्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "काय गो, आत निसतो वारो असा. वाऱ्याचे पैशे घेतत ते?"

त्या रात्री मी मागच्या आठ महिन्यांची बिलं काढून बसले. त्या एका शेडमागे आमचे ७४० रुपये गेले होते आणि शेड विणायची मजुरी होती ४५०. हे दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि पेन खाली ठेवलं. काकींनी दीड दिवस बसून, बोटांना कुसळं लावून घेऊन जे कमावलं, त्याच्या दीडपटीहून जास्त मी नुसत्या संकोचापोटी वाटेत सांडलं होतं. त्या वर्षी दिवाळीला सगळ्यांची मजुरी वाढवायचं मी कबूल केलं होतं. ती वाढवता का आली नाही, याचं उत्तर त्या बिलांत होतं.

मग आम्ही उलट टोक गाठलं. सगळ्या मालाच्या किमती वाढवल्या आणि 'डिलिव्हरी फ्री' लिहिलं. ऑर्डरी वाढल्या, हे खरं. पण महिन्याभरात सावंतवाडीच्या एक बाई कारखान्यात आल्या, स्वतःच्या गाडीत दोन स्टुलं ठेवली आणि बिल बघून विचारलं, "मी स्वतः न्यायला आले तरी एवढेच?" मला उत्तर देता येईना. त्या बाईंच्या खिशातून आम्ही दिल्लीच्या गिऱ्हाइकाचं भाडं घेत होतो. फुकट पोचवणं नावाची गोष्ट नसतेच, कुणीतरी ती भरत असतं. जे भरतं त्याला ते बिलावर दिसलं पाहिजे, असं माझं तेव्हापासून ठाम मत आहे. मोठ्या कंपन्यांना दुसरं जमत असेल. अकरा माणसांच्या कामाला ते परवडत नाही.

ट्रॅव्हल्सचाही प्रयोग केला. संध्याकाळी कुडाळहून मुंबईला ज्या बसेस सुटतात त्यांच्या डिकीत आंब्याच्या पेट्या जातात, तशा आमच्या खुर्च्या पाठवल्या. नगाला दोनशे रुपये, स्वस्त. पण उतरवून घ्यायला माणूस पहाटे पाच वाजता सायनला उभा पाहिजे. एकदा सत्तरीच्या एक आजी पहाटेपासून थांबल्या होत्या, आणि गाडी त्यांची खुर्ची घेऊन थेट बोरिवलीला गेली. त्यांनी फोनवर एक शब्द वाकडा काढला नाही, उलट मलाच म्हणाल्या, "असू दे बाळा." मी मात्र त्या दिवशी जेवले नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये आंब्यापुढे आणि गणपतीत चाकरमान्यांच्या सामानापुढे आमच्या मालाला डिकीत जागाच नसते.

भाड्याचा दर आमच्या हातात नव्हता, खोका होता. नवऱ्याने टेप घेतली आणि प्रत्येक वस्तू मोजायला घेतली. शेडचा व्यास थोडा कमी केला, भोवतीची जागा कमी करून खोका ३८ बाय ३८ बाय ४२ वर आणला. साडेवीस किलोची शेड साडेबारा किलोची झाली. बसवल्यावर भिंतीवर उजेड पडतो तो तसाच, फरक कुणाला कळतही नाही. खरी युक्ती मात्र काकींची. "बाजारात आमी टोपल्यो कशे नेतव? एकात एक घालून," असं म्हणून त्यांनी पिंपाचा आकारच मोडला आणि वर निमुळती, खाली पसरट शेड विणून दाखवली. आता दुकानांच्या ऑर्डरला एका खोक्यात सहा शेड जातात, खोक्याची उंची जेमतेम वीतभर वाढते.

खुर्चीला वेळ लागला. आमच्या पोरांना बांबूची खुंटी मारून, वेताने आवळून जोड करायची सवय. बोल्ट लावायचा म्हणजे त्यांना कमीपणा वाटायचा. त्यांचं ऐकून पाठ आणि बैठक पारंपरिक जोडाचीच ठेवली, फक्त पाय सुटे केले. चार बोल्ट, एक चावी आणि मराठीत लिहिलेला कागद.

पॅकिंगमध्येही ठेच लागली. आंब्याच्या पेटीत घालतात तसा भाताचा पेंढा भरला. फुकटचा, हलका, दिसायलाही सुंदर. जुलैमध्ये त्यातला ओलावा लागून तीन शेडवर काळी बुरशी धरली. बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला बांबू किडीपासून वाचतो, बंद खोक्यातल्या दमटपणासमोर त्याचं फार चालत नाही. तिन्ही बदलून दिल्या. आता कागदाच्या पट्ट्या वापरतो.

आजचं दरपत्रक वस्तूवर नाही, खोक्यावर आहे. तीन मापांचे खोके, चार टप्पे. त्या ३८ च्या खोक्याला सिंधुदुर्ग आणि गोव्यात २००, मुंबई-पुणे-कोल्हापूरला ३२०, उरलेल्या महाराष्ट्रात ४८०, राज्याबाहेर ६९०. नागपूरला थोडं तोट्यात जातं, सोलापूरला थोडं राहतं, वर्षअखेरीस मेळ बसतो. कारखान्यातून नेणाऱ्याला शून्य. दर सहा महिन्यांनी बिलं काढून आकडे पुन्हा ताडून बघतो. आमच्या हिशोबनीसांनी एक गोष्ट लक्षात आणून दिली ती सांगते: बिलावर डिलिव्हरी वेगळी दाखवली तरी तिच्यावर मालाचाच जीएसटी लागतो. बांबूच्या फर्निचरवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा पोचवण्याचा आकडाही तेवढा हलका झाला.

दर जाहीर केले तेव्हा काही ऑर्डरी गेल्या, अजूनही जातात. १४५० च्या वस्तूला ४८० भाडं हे लोकांना खुपतं आणि मला ते समजतं. अशा वेळी खोक्याचा फोटो आणि तो गुणाकार पाठवते. बरेच लोक त्यानंतर शेजारणीला विचारून दोन शेड एकदम मागवतात.

मोठ्या मालासाठी महिन्यातून एकदा टेम्पो काढतो. फोंडा घाटाने कोल्हापूर आणि पुढे पुणे. भाडं, डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता धरून १४,००० रुपये. पहिल्या खेपेला १९ नग होते, खिशातून भरले. आता ४० ते ४५ नग होतात, म्हणून खुर्चीला ४०० आणि पाळण्याला ६०० घेऊन भागतं. पुण्यात एका मैत्रिणीच्या गॅरेजमध्ये माल उतरतो, गिऱ्हाइकं रविवारी येऊन नेतात.

पाळण्याचा पाय काही सुटा होत नाही, त्याला दुमडायला गेलं की झोका बिघडतो. तो कुरिअरने पाठवायचा तर जवळपास चार हजार होतात. म्हणून पाळणा हवा असणाऱ्यांना मी आधी बाळाची तारीख विचारते आणि टेम्पोची तारीख सांगते. पुढची खेप ५ तारखेची आहे. तीन पाळणे बांधून तयार आहेत, काकी सध्या चौथ्याची कड आवळतायत.