गमल्यातली निळी पट्टी

इंदूरच्या मराठीत कुंडीला गमलाच म्हणतात. रामबागेतल्या आजींचा फोनही तसाच आला, "अरे, कुंतीचा गमला बदलून दे. पानं पिवळी पडतायत, तीन पावसाळे झाले, एक फूल नाही."

मी लोकांच्या गच्च्यांवरच्या झाडांची कामं करतो. मे महिन्यात मुळांना हात लावत नाही, ४२ अंशांत उघडी मुळं तासाभरात वाळतात. जूनअखेर दोन चांगल्या सरी पडल्यावर गेलो.

कुंती म्हणजे इकडची मधुकामिनी. लिंबाच्या कुळातली, बारा महिने हिरवी, आणि पाऊस पडून गेला की अशी घमघमते की शेजारी विचारायला येतात. इथं मात्र बोडक्या काड्या नि टोकाला चार पानं. तांब्याभर पाणी ओतलं, तर ते कडेनं सरळ खाली उतरून गच्चीवर पसरलं. काळ्या मातीचं हेच दुखणं. वाळली की आकसते, गमल्याची कड सोडते, आणि पाणी त्या फटीतून निघून जातं. आजी एक दिवसाआड, नर्मदेचं पाणी आलं की, दोन तांबे घालायच्या. खालून ओघळ दिसला की झाड प्यायलं, असा त्यांचा हिशेब.

गमला सिमेंटचा, पोट मोठं, गळा अरुंद. असले गमले विकणाऱ्यांना झाड कधीतरी बाहेर काढावं लागतं हे कुणी सांगत नाही का? आडवा केला, कडेनं लांब सुरी फिरवली, तळाच्या भोकातून काठीनं रेटलं. गोळा गळ्याशी येऊन अडायचा. एकतर मुळं कापायची, नाहीतर गमला फोडायचा.

"आजोबांनी आणलेला ना हा?" मी विचारलं.

"गमला त्यांचा, झाड माझं. फोड."

छिन्नीचे पाच-सहा घाव बसले आणि गमला उकलला. बाहेर मुळांची चुंबळ, गोल गोल गुंडाळलेली. ती सोडवत गेलो तर आत काळं प्लास्टिक लागलं. नर्सरीची पिशवी, जशीच्या तशी. तळाच्या भोकांतून निसटलेली मुळंच तेवढी बाहेर जगत होती आणि भोकापाशी प्रत्येक मूळ आवळलं गेलं होतं. आतली माती विटेसारखी. पिशवीच्या फाटलेल्या कडेला साडीच्या काठाची निळी पट्टी बांधलेली.

पट्टी बघून माझे हात थांबले. अकरा वर्षांपूर्वी मी एका नर्सरीत हाताखाली होतो. टेम्पोत पिशव्या फाटायच्या, म्हणून आईच्या जुन्या साडीचा काठ कापून खिशात ठेवायचो. या घरी झाड पोचवलं होतं, लावलंही होतं. दुपारची वेळ, आणखी चार घरं बाकी. पिशवीसकट ठेवून वरून माती ओढली असणार.

"आजी, हे मीच केलंय."

त्या जरा वेळ पट्टीकडे बघत राहिल्या. "मला वाटायचं, माझंच पाणी चुकतंय."

यावर मला काही सुचलं नाही. पिशवी कात्रीनं तुकड्या-तुकड्यानं सोडवली. गोल फिरलेली जाड मुळं कापली, बाहेरून इंचभर खरवडलं, आणि गोळा टबात बुडवला. अर्धा तास बुडबुडे येत होते. ते थांबल्यावरच बाहेर काढला. नवा गमला दोनच इंच मोठा घेतला. एकदम मोठा घेतला तर न प्यायलेलं पाणी मातीत साचतं आणि मुळं कुजतात. काळी माती कमी, शेणखत आणि जाडी रेती जास्त. खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवलं. मुळं गेली त्या मानानं वरचाही तिसरा हिस्सा छाटला. आजींना ते बघवेना, आत निघून गेल्या.

पंधरा दिवस सावली, महिनाभर खत नाही, असं बजावून आलो. पहिल्या आठवड्यात उरलीसुरली पानंही गळाली. रोज फोन. विसाव्या दिवशी गेलो तर खोडाच्या सांध्यातून पोपटी कोंब निघाले होते, मुगाएवढे.

खोड हलत होतं म्हणून आधाराला काठी रोवली. सुतळी मागितली. आजी आतून निळी पट्टी घेऊन आल्या, धुवून घडी केलेली.

"ह्यानं बांध. आणि या वेळी सैल."

आठाच्या आकड्यात बांधली. मध्ये बोट जाईल एवढी जागा ठेवून.