राजाला कानडी कळतं

गेल्या पावसाळ्यापासून दर रविवारी मी ताईला आणि भाच्याला घेऊन खानापूर रोडला एका शेतावर जाते. तिथं सोडवून आणलेले पाच घोडे आहेत, दोन टांग्याचे, दोन वरातीचे आणि एक शर्यतीच्या गाडीचा. भाचा नऊ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, पाय ताठ, उजवी मूठ कायम आवळलेली, बोलणं दोनचार शब्दांचं.

राजा वरातीचा घोडा, गोकाककडून आलेला. त्याच्या तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना पांढरट वळ आहेत, मला वाटलं जन्मखूण असेल, तर मामा म्हणाले (घोडी तेच सांभाळतात, सगळेच त्यांना मामा म्हणतात) "काटेरी लगामाचं आहे ते, हात लावून बघा की." बोट फिरवलं तर कातडी दोरीसारखी जाड लागली. काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांतच बंदी आहे, तरी डीजेच्या आवाजाला घोडा बुजू नये म्हणून घालणारे घालतातच. त्यानंतर घरातल्या दोन लग्नांत घोडा नको म्हणून मी भांडले, एकात ऐकलं, एकात नाही.

आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे घोडे दरवर्षी आळंदीला जातात, माऊलींच्या पालखीपुढं चालतात, रिंगण झालं की लोक त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. आणि टांग्याचा घोडा लंगडायला लागला की त्याला रस्त्यावर सोडून देतात, हे पण मी इथंच बघितलंय.

लोकांना वाटतं घोडा आणला, पोराला वर बसवलं, झाली थेरपी. तसं नसतं हो. राजावर पहिले आठ महिने कुणी बसलंच नाही, नुसतं चरायचं, लोळायचं, दीड महिन्यानं नालबंद येऊन खूर तासून जायचा. पाचांतले दोनच घोडे मुलांसाठी वापरतात. शर्यतीचा आहे तो कुणी हात वर केला तरी थरथरतो आणि टांग्याच्या म्हाताऱ्या घोडीची पाठ गेलीय, ती दिवसभर आंब्याखाली उभी असते. मला कुणी विचारलं की मग तिचा उपयोग काय, तर राग येतो. आयुष्यभर ओढलंय तिनं, आता तिला नुसतं जगू दे की.

आधी खरारा. ताई भाच्याचा हात धरून राजाच्या पोटावर ठेवते, घोड्याचं अंग आपल्यापेक्षा जरा गरम असतं, साधारण ३८ डिग्री, आणि त्या उबेला ती मूठ हळूहळू सुटते, आधी करंगळी, मग बाकीची बोटं, अंगठा सगळ्यात शेवटी. मग हेल्मेट घालून वीस मिनिटं पाठीवर, दोन्ही बाजूंना माणसं धरून चालतात. थेरपिस्ट मॅडमनी सांगितलं की घोडा चालताना त्याची पाठ पुढंमागं, वरखाली आणि आजूबाजूला हलते, आपण चालताना आपल्या कमरेचं जसं होतं तसंच, म्हणजे ज्या पोरानं कधी पाऊल टाकलं नाही त्याच्या कमरेला चालणं कळतं. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय गेले, घोड्यावर चढायला उतरायला माणूस लागायचा आणि तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक घेतलं. ताईला हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता तीच दुसऱ्यांना सांगते.

भाचा चालायला लागला असं काही नाही, व्यायाम, पायाचे स्प्लिंट सगळं चालूच आहे. पण आता जेवताना भिंतीला न टेकता दहा मिनिटं बसतो. ताईनं मोबाईलवर वेळ लावून बघितलं, दोनदा.

आणि एक गंमत झाली. राजाला मराठी कळत नाही, "थांब" म्हटलं तरी चालतच राहतो, मामा "निल्लू" म्हणाले की जागेवर उभा. "बा" म्हटलं की येतो. आमच्या पोराला "ये" कधी नीट म्हणता आलं नाही, पण ओठ मिटून उघडले की "बा" होतं. गेल्या रविवारी पाऊस होता, बसायचं रद्द झालं, आम्ही गेटच्या अलीकडं छत्रीत उभे होतो आणि हा तिथूनच ओरडला, "बा!"

राजा लांब होता, कडबा खात. मान वर केली, कान पुढं केले आणि तोंडात चिपाड तसंच धरून चिखल तुडवत गेटपर्यंत आला.