ग्लोव्हजचा कापलेला टॅग

बाबा फोंड्याला पायलट होते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, विमानाचे नव्हेत. पिवळ्या मडगार्डच्या मोटरसायकलवर मागे एक भाडे बसवून नेणारे. शर्टाच्या खिशात त्यांची एक प्लॅस्टिकची पिशवी कायम असायची, आत आरसी, विमा, लायसन्स, परमिट. मी फ्रान्सला निघालो तेव्हा त्यांनी एकच विचारले, "कागद सारके आसात मरे?"

कागद खरेच चोख होते. माती खाल्ली ती वेगळीकडे.

माझा मावसभाऊ तुलुझला नोकरीला आहे. बेत साधा: दोन मोटरसायकली भाड्याने घ्यायच्या, फ्वा गावावरून पिरेनीजचे डोंगर चढायचे, फ्रान्स-स्पेनमधल्या अँडोरा या चिमुकल्या देशात दोन रात्री काढायच्या आणि परत. चार दिवस. यूट्यूबवर या रस्त्याचे वळणावळणाचे व्हिडिओ भरपूर मिळतात. पोलीस थांबवून काय बघतात ते मात्र कोणी सांगत नाही.

सुरुवात आंतरराष्ट्रीय परवान्यापासून, म्हणजे आयडीपी. सारथी पोर्टलवर फॉर्म ४-ए, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. अर्ज सोपा आहे. पुस्तिका हातात आली तेव्हा मी खिडकीपाशीच उभा राहून वाहनांच्या प्रकारांचे पान उघडले. 'ए' म्हणजे मोटरसायकल, 'बी' म्हणजे कार. माझ्या पुस्तिकेत 'बी'वर शिक्का आणि 'ए' कोरा! लायसन्सवर दोन्ही स्पष्ट छापलेले. आतल्या गृहस्थांना दाखवले तर म्हणाले, "लायसन्स आहे ना सोबत, मग झाले." झाले कसे? आपल्या लायसन्सवरचे 'एमसीडब्ल्यूजी' म्हणजे गिअरची मोटरसायकल, हे तुलुझच्या दुकानदाराला कोण समजावणार? अर्धा तास थांबलो, पण 'ए'वर शिक्का घेऊनच बाहेर पडलो. आणि खरेच, भाड्याच्या दुकानातल्या बाईंनी सगळ्यात आधी तेच पान बघितले. मूळ लायसन्सही मागितले. नुसती पुस्तिका तिथे चालत नाही, ती लायसन्सचा फक्त अनुवाद असते.

व्हिसात एक मेख आहे. अँडोरा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, नाही. त्याचा स्वतःचा व्हिसा लागत नाही, पण एकदा आत गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि परत यायला दुसरी एंट्री हवी. सिंगल एंट्रीवाला तिथे अडकला तर ना घरचा ना घाटचा. मी अर्जातच मल्टिपल मागितली होती. प्रवासविम्याची पॉलिसी मात्र नीट वाचायला दोन संध्याकाळी गेल्या. आमच्या पहिल्या पॉलिसीत मोटरसायकल चालवताना झालेली इजा बारीक अक्षरात वगळलेली होती. ती बदलली. भाड्याच्या करारातही अँडोराचे नाव लिहून घेतले.

मग सामान. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१६ पासून चमकणारे जाकीट सोबत हवे, आणि तेही हाताशी. गाडी बंद पडून रस्त्याकडेला उतरलात की अंगात घालायचे. जवळ नसेल तर ११ युरो, असूनही घातले नाही तर १३५. भावाने बजावले, बॅगेच्या तळाशी कोंबू नकोस, जाकीट काढेपर्यंत ट्रक येतो. मी ते टँकबॅगेत वरच ठेवले.

हेल्मेटला तिकडे युरोपातले ईसीई प्रमाण लागते, आपला नुसता आयएसआय शिक्का पुरत नाही. माझ्यावर दोन्ही छापलेले होते. पण फ्रान्सला त्यावर चार परावर्तक पट्ट्याही हव्यात: पुढे, मागे, दोन्ही बाजूंना. त्या भावाने आदल्या रात्री स्वयंपाकघरात बसून चिकटवल्या. कानातले इअरबड्स भावाने स्वतःच्या ड्रॉवरमध्ये बंद केले. २०१५ पासून ते घालून चालवणे गुन्हा आहे, दंड १३५ युरो.

राहिले ग्लोव्हज. २० नोव्हेंबर २०१६ पासून तेही सक्तीचे, चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही, आणि सीई खुणेचे, म्हणजे युरोपातल्या प्रमाणाचे. माझे सीईचेच होते, पैसे मोजून घेतलेले. आत मनगटापाशी शिवलेला पांढरा टॅग होता, चार-पाच भाषांतला. गोव्याच्या जूनमधल्या दमटपणात तो इतका टोचायचा की मी एके दिवशी बायकोच्या शिवणकामाच्या कात्रीने तो साफ कापून टाकला होता.

फ्वा मागे टाकून आक्स-ले-थेर्मकडे चढत होतो. एका वळणापुढे दोन जांदार्म उभे, म्हणजे तिकडचे गावाकडच्या हद्दीतले, लष्करी शिस्तीचे पोलीस. एकाने हात आडवा केला. फोंडा-पणजी रस्त्यावर महाराष्ट्र-कर्नाटकाच्या नंबरप्लेटी बाजूला घेतलेल्या मी इतक्या वेळा पाहिल्यात, आणि जीएची प्लेट घेऊन इतक्या ऐटीत पुढे गेलोय, की बाजूला घेतला जाणारा आपण, हे पचायला मला एक क्षण लागला. इथे परराज्यातला मी.

माणूस शिष्ट नव्हता. आधी सलाम केला, मग मागितले: परवाना, गाडीचे कागद. विम्याचे हिरवे कार्ड त्याने मागितलेच नाही. १ एप्रिल २०२४ पासून फ्रान्समध्ये नोंदलेल्या गाड्यांना ते बाळगावे लागत नाही, नंबर टाकला की विमा पडद्यावर दिसतो. आयडीपीतला 'ए' पाहिला, लायसन्सवरचे नाव पासपोर्टशी जुळवले, जाकीट काढून दाखवायला सांगितले. हेल्मेटच्या पट्ट्या बघितल्या. मी मनातल्या मनात बाबांची पिशवी आठवून खूश होतो.

मग तो म्हणाला, "गां." ग्लोव्हज.

मी काढून दिले. त्याने एक ग्लोव्ह मनगटापासून उलटा केला, अस्तर बाहेर आले, आणि अंगठ्याने शिवण चाचपली. तिथे टॅगचा जेमतेम अर्धा सेंटिमीटर शिल्लक होता, कात्रीने तिरपा कापलेला, सुताचे टोक लोंबत. दुसरा ग्लोव्ह: तसाच. त्याने माझ्याकडे पाहिले. मी भावाला म्हटले, सांग त्याला, टोचत होता. भावाने फ्रेंचमध्ये सांगितले. जांदार्म हसला, पण वही काढलीच. प्रमाणाची खूण नाही म्हणजे ग्लोव्हज नाहीत. दंड ६८ युरो, तिथल्या तिथे भरला तर ४५. फ्रेंच लायसन्स असते तर एक पॉइंटही गेला असता. कार्ड काढले, पावती घेतली. हुज्जत घालायला काही जागाच नव्हती.

अँडोरात शिरताच लागणाऱ्या पा द ला कासला पोचताच पहिले काम नवे ग्लोव्हज. या गावात करच इतका कमी की अर्धे गाव दुकानांचे: दारू, सिगारेट, अत्तरे आणि मोटरसायकलचे कपडे. पुढचा पोर्त द'एनव्हालिरा हा घाट २४०८ मीटर उंच, ढगात शिरलेला, त्याबद्दल लिहायचे तर वेगळे लिहावे लागेल.

परतताना फ्रान्सच्या हद्दीत कस्टम्सवाले. "सिगारेट? दारू?" मला इन्सुलीच आठवले. गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी ओलांडून महाराष्ट्रात शिरलात की तिथल्या नाक्यावर डिकी उघडायला सांगतात ना, तोच प्रश्न, तोच चेहरा. माणशी ३०० सिगारेट चालतात. आमच्याकडे एकही नव्हती. त्याने साइडबॉक्स उघडला, तर आत जुने ग्लोव्हज, आणि माझ्या हातात नवेकोरे.

"दोन जोड्या कशाला?"

भावाने गोष्ट सांगितली. कस्टम्सवाल्याने जुना ग्लोव्ह उलटा करून तो कापलेला टॅग स्वतः बघितला, मग पलीकडच्या सहकाऱ्याला हाक मारून त्यालाही दाखवला. दोघे मनसोक्त हसले आणि आम्हाला जा म्हणाले.

घरी आल्यावर बाबांनी पावती मागितली. चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. ४५ युरो म्हणजे साडेचार हजाराच्या आसपास, हे ऐकून त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा बायकोच्या कात्रीकडे पाहिले. मग घडी घालून ती पावती आपल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, लायसन्सच्या मागे सरकवली.