आमची वाटचाल: पावसाआधीचे सहा आठवडे

रातांबे (कोकमाची फळं) पिकले की कोणासाठी थांबत नाहीत. एक-दोन दिवसांत ते फोडायचे, बिया आणि गर वेगळा करायचा, सालांना मीठ घातलेल्या रसाचं पुट द्यायचं, उन्हात टाकायची, पुन्हा पुट, पुन्हा ऊन. तीन-चार वेळा हे झालं की आमसूल तयार होतं. एप्रिलच्या अखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत जेमतेम सहा आठवडे मिळतात. विक्री मात्र वर्षभर चालते. म्हणजे सगळा पैसा मे महिन्यात लागतो आणि परत येतो थोडा थोडा, पुढच्या मेपर्यंत.

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या वाडीत 2009 मध्ये 12 जणींचा बचत गट झाला. आमसूल तेव्हाही घरोघरी व्हायचं, पण व्यापाऱ्याचा टेम्पो दारात यायचा आणि तो म्हणेल तो भाव. 2012 मध्ये आम्ही पहिल्यांदा एकत्र रातांबे विकत घेतले. संध्याकाळी काट्यावर वजन झालं आणि एका काकीने विचारलं, "पैसे कधी गावतले गो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी निम्मा माल टेम्पोत गेला. मला तिचा राग आला नाही. पावसाआधी घर शाकारायचं असतं, जूनमध्ये मुलांची वह्या-पुस्तकं असतात.

पुढे मोठे खरेदीदार भेटले, तर करारावर सही कोणाची घ्यायची हा प्रश्न आला. बचत गटाला कायद्याने वेगळं अस्तित्व नसतं. आमच्या भागात सहकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर घाटावरचे साखर कारखाने येतात, आणि एवढं मोठं काही आपल्याला झेपेल असं कोणाला वाटेना. शेवटी 2017 मध्ये आसपासच्या गटांतल्या 46 जणींनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी नोंदवली. अर्थतज्ज्ञ वाय. के. अलघ यांच्या समितीच्या शिफारशीवरून 2002 मध्ये कंपनी कायद्यात ही सोय झाली. दहा उत्पादक एकत्र आले तरी चालतं, आणि शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. हे शेवटचं कलम मी सभेत तीनदा वाचून दाखवलं होतं. त्यावरच बायका तयार झाल्या.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना 2020 मध्ये आली. कर्ज काढून घेतलेल्या यंत्रांच्या खर्चावर 35 टक्के अनुदान मिळालं, त्यातून सौर वाळवणी यंत्र बसवलं. आता मेच्या मध्यावर वळवाचा पाऊस आला तरी सालांना बुरशी धरत नाही. पण त्याच योजनेतली एक छोटी तरतूद आमच्या जास्त कामाला आली. अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटातल्या प्रत्येक सभासदामागे 40,000 रुपयांचं बीजभांडवल. आमच्या 22 जणींचे 8 लाख 80 हजार झाले. पहिल्या वर्षी ती रक्कम पोचली तेव्हा जुलै उजाडला होता, रातांबे कधीच संपले होते. पुढच्या हंगामात मात्र काट्यावरच रोख पैसे दिले, आणि टेम्पो रिकामा परत गेला. यंत्राचं उद्घाटन करायला पाहुणे येतात, खेळत्या भांडवलाला हार घालायला कोणी येत नाही, पण आमची कंपनी उभी आहे ती त्याच्यावर.

उधारीचंही सांगते. शहरातल्या एका मोठ्या खरेदीदाराने आमचे पैसे चार महिने अडकवले होते. लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्यात 45 दिवसांची मर्यादा आहे, हे तेव्हा आम्हाला ठाऊकही नव्हतं. नंतर प्राप्तिकर कायद्यात बदल झाला: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही, तर पैसे देईपर्यंत तो खर्च खरेदीदाराला करपात्र उत्पन्नातून वजा करता येत नाही. आमची उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारकडची नोंद, होतीच. तिचा क्रमांक आता प्रत्येक बिलावर छापतो, आणि बहुतेक पैसे वेळेत येतात. सरकारला यात एक रुपयाही खर्च आला नाही. असे आणखी नियम हवेत.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने एप्रिल 2023 मध्ये सामाजिक आणि एकजुटीच्या अर्थव्यवस्थेवर, म्हणजे सहकारी संस्थांसारख्या सभासदांनी मिळून चालवलेल्या उद्योगांवर, ठराव केला, देशांनी अशा उद्योगांसाठी धोरणं आखावीत म्हणून. एका प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा बरं वाटलं. आपण करतो त्याला जगात नाव आहे म्हणून. पण धोरण आखणाऱ्यांनी आमच्या आकाराकडेही बघावं. 10,000 शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याच्या योजनेत प्रत्येक संस्थेला तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत आहे, त्यातून व्यवस्थापक आणि हिशेबनीस यांचा पगार निघतो. अट सभासदसंख्येची. मैदानी भागात 300, डोंगरी आणि ईशान्य भागात 100. आम्ही 46.

खरं तर आम्हाला माणूसच हवा आहे. वार्षिक विवरणपत्रं, जीएसटी, अन्नसुरक्षेचा परवाना, बँकेचे कागद, हे सगळं अजून रात्री जेवणानंतर मी आणि आणखी एक जण करतो. एका सभासदाची मुलगी बी. कॉम. झाली आहे, तिला कामावर घ्यायचं ठरलं. पगार कुठून द्यायचा? मालाच्या प्रमाणात वाटायचा बोनस या वर्षी बाजूला ठेवावा, असा ठराव सभेपुढे मांडला. 31 हात वर झाले. उरलेल्या 15 जणींचं म्हणणंही इतिवृत्तात शब्दशः लिहून ठेवलं आहे: मोठ्या संस्थांच्या हिशेबनिसाला सरकार पगार देतं, मग आमच्याचा पगार आमच्या बोनसातून का?

मुलगी 1 एप्रिलपासून कामावर आली. काट्याशेजारी तिचं टेबल लावलं आहे.