पागोळ्यांखालची अंगणवाडी : माझा अनुभव

मृग लागला की आमच्या अंगणवाडीची हजेरी रोडावते. मी मालवण तालुक्यात, खाडीकाठच्या एका वाडीत सेविका आहे. वाडीच्या मधून व्हाळ म्हणजे ओढा जातो, त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल आहे. पाणी साकवाला टेकलं की पलीकडची मुलं येत नाहीत, आणि अशा वेळी त्यांनी येऊही नये. अलीकडची मुलं मात्र येऊ शकतात, तरी त्यांना घरी ठेवतात. लावणीच्या दिवसांत आया उजाडायच्या आत मळ्यात गेलेल्या असतात आणि पोर आजीच्या ताब्यात असतं. एका आजीने मला दारातच विचारलं होतं, "बाई, असल्या पावसात पोरग्याक कित्याक धाडूचा? थंय जावन नुसतो खेळता." खेळतो हे खरंच होतं. पण त्या खेळाने काय होतं ते आजीला दिसेल असं काही करायला हवं, हे मी त्या दिवशी मनाशी ठरवलं.

आमच्याकडे पावसाळ्यात एकच खोली उरते. पटांगण चिखलाचं, वीज कधी असते कधी नसते, भिंतींना ओल. चित्रांच्या तक्त्यांवर बुरशी येते, पुठ्ठ्याची कोडी फुगतात, खडू फळ्यावर उठत नाही, डिंक सुकत नाही. म्हणजे विकतचं साहित्य नेमकं याच दिवसांत कुचकामी होतं. प्रशिक्षणात आम्हांला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगितलं होतं. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पानं हेच त्यांनी शिकवायचं साहित्य केलं. बोर्डी आपल्याच किनाऱ्यावरची, फक्त वरच्या टोकाची. तिथे जे चाललं ते इथे न चालायला काही कारण नव्हतं.

तयारी मे महिन्यातच करावी लागते, कारण पाऊस लागल्यावर काही सुकत नाही. मदतनीस काकी आणि मी फणसाच्या आठळ्या धुऊन कडक उन्हात वाळवल्या. मुळ्याचे आणि तिसऱ्यांचे शिंपले उकळून घेतले. करवंट्यांच्या कडा दगडावर घासून गुळगुळीत केल्या. पोफळीच्या विऱ्या, झावळीचे हीर, नदीतले गोटे, जुन्या साड्यांच्या पट्ट्या, सगळं घट्ट झाकणाच्या डब्यांत कडुनिंबाचा पाला घालून ठेवलं. गुंजा दिसायला कितीही सुंदर असल्या तरी त्या विषारी असतात, त्या मी घेतल्या नाहीत. कच्ची काजूबीही नाही, तिच्या सालीतल्या तेलाने कातडी भाजते. तीन वर्षांचं मूल हातातली वस्तू नाकात नाहीतर तोंडात घालणारच, म्हणून चिंचोके फक्त पाच-सहा वर्षांच्या मुलांना, तेही मी समोर बसलेली असताना.

पावसाची सुरुवात आम्ही आवाजाने केली. आमच्या पडवीला मंगलोरी कौलं आहेत आणि पागोळ्या सरळ रेषेत पडतात. त्यांच्याखाली मी एक स्टीलचं ताट, एक पत्र्याचा डबा, एक पालथी करवंटी, एक प्लास्टिकची बादली आणि एक अळूचं पान ठेवलं. मुलांना आत, ओल लागणार नाही असं ओळीने बसवलं. काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्यांचीच बडबड थांबली आणि ती ऐकू लागली. मग डोळे मिटून ओळखायचा खेळ सुरू झाला. काकी एकेक भांडं पागोळीखाली सरकवायची आणि मुलं सांगायची, आता ताट, आता डबा, आता करवंटी. ताट टणटण, करवंटी टकटक, पालथी बादली ढबढब, ही नावं त्यांनीच दिली. एक मुलगी जी तोपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, ती एकदम म्हणाली, "बाई, पाऊस पानार पडलो तर वाजणा नाय." सगळी मुलं पानाकडे बघायला लागली. पानावर थेंब गोळा होऊन घरंगळत होते आणि पान कोरडंच राहत होतं. त्या दिवशीचा सगळा वेळ पानातच गेला. अळूचं भिजत नाही, मग फणसाचं? केळीचं? जास्वंदीचं? प्रत्येक पानावर करवंटीने पाणी ओतून पाहिलं. भिजणारी एका बाजूला, न भिजणारी दुसऱ्या बाजूला, अशा दोन राशी मुलांनी स्वतः केल्या.

आवाजाचा हा खेळ मी पुढे कितीतरी दिवस चालवला, कारण वाचायला शिकण्याची मुळं तिथेच असतात. जे मूल टण आणि टक यांतला फरक कानाने पकडतं, त्याला पुढे 'ताट' आणि 'पाट' यांतला पहिला आवाज वेगळा आहे हे पकडणं सोपं जातं. भांड्यांनंतर आम्ही शब्दांवर आलो. पाऊस, पान, पागोळी, पाणी, सगळे 'पा'ने सुरू होतात. हे मी सांगितलं नाही, त्यांना सापडलं, आणि मग घरी जाऊनही 'पा'चे शब्द शोधत राहिली. पाट, पाय, पाल, पापड.

पाऊस मोजायचं साधन म्हणजे सरळ उभ्या बाजूंची एक बरणी. अंगणात उघड्यावर ठेवायची, झाडाखाली किंवा पागोळीखाली नाही. रोज सकाळी पाणी जेवढं चढलं तेवढ्या उंचीची कागदाची पट्टी मुलं कापायची, बरणी रिकामी करायची आणि पट्टी भिंतीवर कालच्या शेजारी लावायची. डिंक सुकत नव्हता म्हणून दोरी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवल्या. चिमटा दाबणं हाही बोटांचा चांगला व्यायाम आहे. हवामान खातं चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेलेला पाऊस जोराचा धरतं, आमच्या बरणीत तो माझी चार बोटं आडवी ठेवली तर साधारण तेवढा भरतो. मिलिमीटर त्यांना कशाला हवेत? कालच्यापेक्षा उंच, परवाच्यापेक्षा बुटकी, सगळ्यांत उंच, एवढं त्यांना तोंडपाठ झालं. जुलैतल्या पट्ट्या बघून आयाही थांबायच्या.

१ जून ते ३१ जुलै आमच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, आणि मुलांचे बाबा घरी. एरवी पालकसभेला फक्त आया येतात. या दिवसांत मी बाबांना बोलावलं. एक जण जाळ्याची सुई आणि दोर घेऊनच आले. मुलांच्या मध्ये मांडी घालून बसले आणि गाठ मारून दाखवू लागले. म्हणाले, "बाई, जाळा विणूक हातात जोर नको, बोटां वळूक व्हयी." मी आयांना इतके दिवस जे समजावत होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. मुलांना जाळं विणणं जमणार नव्हतंच. पण जाड दोरीची सैल गाठ, भोकं पाडलेल्या शिंपल्यांतून सुतळी ओवणं, हे पाच वर्षांच्या मुलांनी मन लावून केलं. त्याच बाबांनी टबात पाणी भरून करवंटीची होडी सोडली आणि विचारलं, हिच्यात किती शिंपले मावतील? मुलं एकेक टाकत मोजत गेली. कुणाची पाचाला बुडाली, कुणाची नवाला. मोठी करवंटी जास्त भार घेते हे पटल्यावर मोठी करवंटी कुणाची यावरून भांडण झालं, ते आम्ही होऊ दिलं आणि मग आळीपाळी ठरवली.

वासाचा खेळही फार चालला. कापडाने झाकलेल्या वाट्यांत आमसूल, तिरफळ, हळदीचं पान, ओवा आणि सुकट. सुकट तर सगळ्यांनी ताबडतोब ओळखली. तिरफळाला एकाने 'बांगड्याच्या कालवणाचा वास' म्हटलं, आणि तेच बरोबर उत्तर.

उघडीप मिळाली की बाहेर. पण नियम कडक. पायात पावसाळी बूट हवेत. जिथे गुरं बसतात किंवा म्हशी लोळतात त्या पाण्यात पाय घालायचा नाही, कारण आपल्या भागात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप अशाच पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे येतो. दगड उचलायचा नाही, पातेऱ्यात हात घालायचा नाही, फुरसं तिथेच बसलेलं असतं. आत आल्यावर साबणाने हात आणि पाय. एवढं पाळलं तर पावसाळ्यासारखी शाळा नाही. मृगाचे लाल मखमली किडे बघायचे, पण डबीत भरायचे नाहीत. लाजाळू मिटते तेव्हा मनात आकडे मोजायचे आणि ती पुन्हा कधी उघडते ते बघायचं. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो, त्या लाल हातांचे ठसे आम्ही कागदावर घेतले, रंगपेटी लागली नाही. आंब्याच्या रुजलेल्या बाठ्याची पिपाणी मोठ्यांनी घासून द्यायची आणि मुलांनी फुंकायची. टाकळ्याची पानं संध्याकाळी मिटतात, ते अंगणवाडीत दिसत नाही, म्हणून तो घरचा अभ्यास दिला. दुसऱ्या दिवशी आजी मंडळी मला सांगत होती की पोरांनी त्यांना काळोखात टाकळा दाखवायला ओढत नेलं.

मातीसाठी मात्र मी चिखल वापरला नाही. शेजारच्या गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, उरलेली शाडू मिळाली. मूर्तिकार काकांनी ती भिजवून, मळून दिली. शाडूच्या थराने भरलेल्या परातीत हिराचे तुकडे रोवून मुलांनी लावणी केली. एका ओळीत पाच, प्रत्येक काडीत अंतर, मेरही घातली. आया जे करतात ते सगळं त्यात होतं, कमरेवर हात ठेवून सरळ उभं राहणंसुद्धा.

एका आईने तेव्हाच विचारलं, "त्या नर्सरीतला पोर एबीसीडी लिवता, आमचा अजून मातयेतच. असा कसा चालतला?" या प्रश्नाची मला चीड येत नाही, तिला मुलाचं भलंच हवंय. मी तिला परात धरायला दिली आणि मुलाच्या हाताकडे बघायला सांगितलं. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली लहान हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात, बोटांचे स्नायू कोवळे असतात. त्या हाताला तासभर पेन्सिल धरायला लावलं तर तो दुखतो आणि मूल लिहिण्याला घाबरतं. शाडू चिमटीत दाबणं, चिमटा उघडणं, शिंपला ओवणं यांनी तीच तीन बोटं तयार होतात जी उद्या पेन्सिल धरणार आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा खेळातून शिकण्याचाच आहे. माझं यावर ठाम मत आहे: सहा वर्षांच्या आत गिरवायला लावू नये, कुणी कितीही मागितलं तरी.

नारळी पौर्णिमेपर्यंत हजेरी पुन्हा भरली. साकवापलीकडची मुलं पाणी ओसरेल त्या दिवशी यायची, आणि न आलेल्या दिवसांची पट्टी त्यांच्यासाठी कुणीतरी दाखवायचं. दारात प्रश्न विचारणाऱ्या आजी आता आठळ्या वाळवून पाठवतात.

कुणाला हे करून बघायचं असेल आणि मेमधली तयारी राहून गेली असेल, तर भांड्यांपासून सुरुवात करा. त्याला काही आणावं लागत नाही. भांडी वेगवेगळ्या प्रकारची घ्या, काच मुळीच नको, आणि मुलं पागोळीपासून हातभर आत बसतील असं बघा. नंतर अळूचं पान द्या.